‘येते हं!’ : घोडबंदर रोडवर शिकलेलं एक क्रियापद

माझी पाच वर्षांची भाची माद्रिदला असते. माझ्या धाकट्या बहिणीच्या यजमानांची नोकरी तिकडे, त्यामुळे लेकीचा जन्मही तिकडचाच. दर शनिवारी आमचा फोनवर एकमेकींना बघून बोलण्याचा कार्यक्रम असतो. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात, तेव्हा हिवाळ्यात त्यांच्याकडे दुपारचे दोन. इकडे माझी दिवेलागणीची गडबड, तिकडे त्यांची जेवणाची. फोनच्या पडद्यावर बहीण पोळ्या लाटताना दिसते, आणि क्षणभर वाटतं, ही माझ्या स्वयंपाकघरातच उभी आहे.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी बोलता बोलता कुकरची तिसरी शिट्टी झाली. मी घाईघाईने म्हटलं, “बरं बाळा, येते हं मावशी!” आणि फोन ठेवून दिला. आपण रोज दहा वेळा म्हणतो तसं. शेजारणीच्या दारातून निघताना, माहेरून निघताना, बाजारात भेटलेल्या मैत्रिणीचा निरोप घेताना, “येते हं.” त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. “ताई, तू हिला काय सांगितलंस ग? शाळेत बाईंना सांगून आलीय की माझी मावशी येणार आहे. अर्धं बिस्कीट ठेवून दिलंय तुझ्यासाठी. आज मला विचारत होती, मावशी खोटं बोलली का म्हणून.”

आधी मला हसू आलं आणि मग चटका बसला. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. घरात आईचं मराठी ऐकून तिला ‘येते’चा अर्थ ठाऊक आहे. ‘येते’ म्हणजे येते! निघताना येते म्हणायचं, ही आपली रीत तिला कोण सांगणार? तिथे घराबाहेर पडताना लोक सरळ ‘जाते’ म्हणतात.

मी म्हटलं, “अग, तिला समजावून सांग ना, तसं म्हणण्याची आपल्यात पद्धत आहे म्हणून.”

बहीण थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “काय समजावू? विमानतळावर मीसुद्धा आईला येते म्हणूनच निघाले होते.”

आई गेली तेव्हा बहिणीला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. या गोष्टीला तीन वर्षं झाली. आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नव्हतो. त्या दिवशीही पुढे बोललो नाही. पण फोन ठेवल्यावर मी मनाशी ठरवलं की या पोरीला तिच्या भाषेत, तिला कळेल असं, “मी आता जाते, शनिवारी पुन्हा बोलू” एवढं वाक्य तरी मला आलं पाहिजे. त्यासाठी स्पॅनिशमधलं ‘जाणे’ शिकायला हवं होतं.

आमच्या इमारतीतली एक कॉलेजात जाणारी मुलगी स्पॅनिश शिकते. तिच्या घरची भाषा तमिळ, आणि मराठी लिहिताना तिला घाम फुटतो. आम्ही अदलाबदल ठरवली. दर रविवारी एक तास मी तिला मराठी शिकवायचं, पुढचा एक तास तिने मला स्पॅनिश. आमच्या ‘ह्यां’नी ऐकलं मात्र आणि म्हणाले, “घोडबंदर रोडवर राहून जाण्याचं क्रियापद शिकणार? इथे कोणी कुठे जातच नाही!”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. घोडबंदर रोड म्हणजे नाशिककडचा महामार्ग आणि अहमदाबादकडचा महामार्ग यांना जोडणारा साधारण वीस किलोमीटरचा रस्ता. एका अंगाला येऊरचे डोंगर आणि राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून गुजरातकडे जाणारे अवजड ट्रक, कंटेनर, शाळेच्या बस, रिक्षा आणि आपण. मेट्रोच्या खांबांनी रस्त्याचा मधला भाग व्यापला. माझी अर्धवेळ नोकरी याच रस्त्यावरच्या एका शाळेत आहे. घरापासून शाळा चार थांबे. ठाणे परिवहनची बस कधी पंधरा मिनिटांत पोचवते, कधी पाऊण तासात. पूर्वी मी त्या वेळात वह्या तपासायची. आता माझ्या पर्समध्ये एक चिठ्ठी असे, आणि तिच्यावर सहा रूपं.

स्पॅनिशमध्ये जाणे या क्रियापदाचं मूळ रूप नुसतं ‘इर’. दोन अक्षरांचं. मला वाटलं, एवढंसं तर आहे, चुटकीसरशी येईल. नियमाप्रमाणे ‘बिबिर’ म्हणजे राहणे, त्याचं ‘मी राहते’ होतं ‘बिबो’. तेव्हा मी मोठ्या ऐटीत ‘इर’चं ‘ईओ’ करून दाखवलं. आमच्या गुरुबाई पोट धरधरून हसल्या. ‘मी जाते’ला म्हणायचं ‘बोय’. लिहिताना आपल्या ‘व’सारखं अक्षर, उच्चार मात्र ‘ब’च्या जवळचा. पुढची रूपं ऐका. तू जातेस, ‘बास’. तो किंवा ती जाते, ‘बा’. आपण जातो, ‘बामोस’. तुम्ही जाता, ‘बाइस’. ते जातात, ‘बान’. मूळच्या ‘इर’चा इथे मागमूसही नाही.

भूतकाळात तर आणखी कहर. ‘मी गेले’ला म्हणायचं ‘फुई’. आणि ‘मी होते’ यालाही ‘फुई’! गेले आणि होते, दोन्ही एकच. कोणतं घ्यायचं ते पुढच्या मागच्या शब्दांवरून ठरवायचं. मी वैतागून म्हटलं, “ही काय भाषा आहे की चेष्टा? एका क्रियापदाची तीन तोंडं तीन दिशांना!”

ती मुलगी शांतपणे म्हणाली, “आंटी, मग तुमचं जाते आणि गेले कसं?”

मी गप्पच झाले. खरंच की! ‘बस’चं ‘बसले’, ‘ऊठ’चं ‘उठले’, मग ‘जा’चं ‘गेले’ कुठून आलं? ‘ये’चं ‘आले’, ‘कर’चं ‘केलं’, ‘हो’चं ‘झालं’? माझ्या वर्गात इतर भाषांच्या घरांतली पुष्कळ मुलं आहेत. “मी काल मार्केटमध्ये जालो,” असं ती सर्रास म्हणतात, आणि मी लाल पेनने ‘जालो’वर काट मारते. कधी ओरडतेही. “अरे, कितीदा सांगायचं? गेलो म्हण, गेलो!” पण का गेलो, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. मलाच कोणी सांगितलं नव्हतं.

बी.ए.ला असताना वापरलेलं व्याकरणाचं पुस्तक मी माळ्यावरून काढलं. आपलं ‘जातो’ संस्कृतच्या ‘याति’वरून आलं आणि ‘गेला’ हे ‘गम्’ धातूच्या ‘गत’वरून. म्हणजे दोन वेगळ्या धातूंची ठिगळं लावून आपण एक क्रियापद शिवलं आहे. स्पॅनिशवाल्यांनी तीन ठिगळं लावली. मूळ ‘इर’ हे लॅटिनमधल्या एका धातूचं, ‘बोय-बास-बा’ दुसऱ्याचं, आणि ‘फुई’ चक्क ‘असणे’ या क्रियापदाकडून उसनं आणलेलं. इंग्रजीत तरी काय, ‘गो’चं ‘वेंट’ होतंच. त्यातही गंमत अशी, की ‘इर’ ज्या लॅटिन धातूवरून आलं तो आणि संस्कृतातला ‘इ’ धातू (एति, म्हणजे जातो) हे एकाच कुळातले, आणि ‘फुई’ हे आपल्या ‘भू’ धातूचं दूरचं भावंड, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. मला तर एखाद्या लग्नात अनोळखी बाईने जवळ येऊन “अग, तुझी आजी आणि माझी आजी चुलत बहिणी!” म्हणावं, तसं वाटलं.

अशी वेडीवाकडी रूपं नेमकी रोजच्या वापरातल्याच क्रियापदांना का असतात? त्याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. रोज हाताळलेला पोळपाट खळगा पडला तरी आपण टाकत नाही, कारण हाताला त्याची सवय झालेली असते. माळ्यावरचं भांडं वर्षातून एकदा निघतं, ते जसंच्या तसं राहतं. जाणे, येणे, असणे, करणे ही रोजची भांडी. पिढ्यान्पिढ्या तोंडात बसलेली. क्वचित लागणारं क्रियापद लोक नियमाने चालवतात, रोजचं मात्र आईच्या तोंडून जसं ऐकलं तसंच पुढे जातं. लहान मुलं आधी नियम लावून बघतात. आपली मुलं नाही का ‘मी करलं’ म्हणत? माझी भाची ‘मला माहीत आहे’ला ‘से’ म्हणायच्या ऐवजी ‘साबो’ म्हणते. तिकडची सगळीच पोरं लहानपणी तसं म्हणतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलाने पुन्हा ‘जालो’ म्हटलं. मी लाल पेन खाली ठेवलं आणि फळ्यावर दोन धातू लिहिले. मुलं ऐकत होती. आमची मराठी अवघड आहे म्हणून बाई पहिल्यांदाच आमच्या बाजूने बोलल्या, असं एकजण मधल्या सुट्टीत म्हणाला.

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही घोडबंदरचा किल्ला बघायचं ठरवलं. आम्ही म्हणजे मी, हे, माझा मुलगा आणि आमच्या छोट्या गुरुबाई. इतकी वर्षं या रस्त्यावर राहून ज्या गावामुळे त्याला हे नाव पडलं तिथे आम्ही उतरलो नव्हतो. सकाळी लवकर निघालं तर घोडबंदर रोड किती देखणा आहे हे तेव्हा कळलं. कापूरबावडी मागे पडली की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा. नावं अजून पाड्यांची आहेत, उभे मात्र पंचवीस-तीस मजली मनोरे. गायमुखाला चढ लागतो, इमारती एकदम संपतात आणि झाडी सुरू होते. हवा गार होते. उजवीकडे मधूनच खाडीचं पाणी चमकतं. पुढे काजूपाडा, चेणे, आणि मग अहमदाबाद महामार्गाच्या अलीकडे घोडबंदर गाव.

गावामागच्या टेकडीवर किल्ला आहे. जाड भिंती, कमानी, बुरूज. मोठा अवघड चढ नाही, माझ्यासारख्या गुडघे धरून चालणाऱ्या बाईलाही जमण्यासारखा. वर गेलं की खाली खाडीचं रुंद पात्र आणि पलीकडे वसईचा मुलूख. या खाडीतल्या बंदरात घोड्यांचा व्यापार चाले, त्यावरून घोडबंदर, असं सांगतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना तहात दिला. तेव्हापासून जवळजवळ दोनशे वर्षं वसई, ठाणे, साष्टी हा सगळा टापू त्यांच्याकडे होता. हा किल्ला त्यांचाच. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, १७३९ साली वसई. पोर्तुगीजांनी ठाण्यात बांधायला घेतलेला किल्लाही मराठ्यांच्या हाती आला. आज तिथे ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह आहे.

मी मुलाला हे सांगत होते, तेव्हा गुरुबाईंनी मध्येच विचारलं, “आंटी, १५८० ते १६४० पोर्तुगाल स्पेनच्या राजाकडे होतं ना?” होतं खरं. पोर्तुगालची गादी रिकामी पडली आणि स्पेनचा राजा दुसरा फिलिप तिच्यावर बसला. साठ वर्षं दोन्ही देशांचा राजा एकच. कारभार पोर्तुगीजांनीच केला, भाषाही त्यांचीच चालली, पण हिशेबाने बघितलं तर तेवढी साठ वर्षं ही खाडी, हा साष्टीचा किनारा आणि कदाचित आमची इमारत उभी आहे ती जमीनसुद्धा माद्रिदच्या राजाच्या नावावर होती! माझ्या भाचीच्या गावच्या राजाच्या. मला इतका वेळ माद्रिद फार लांब वाटत होतं.

पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी. ‘आपण जातो’ किंवा ‘चला’ म्हणायला जे ‘बामोस’, तेच पोर्तुगीजमध्ये थोड्या वेगळ्या उच्चाराने ‘वामुश’. लिहितात दोन्हीकडे सारखंच. ‘फुई’सुद्धा दोन्हीकडे एकच. म्हणजे या दरवाजातून बाहेर पडताना शिपाई एकमेकांना जे हाकारत असतील ते माझ्या पर्समधल्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. इथे भाजी विकायला, पाणी भरायला आलेल्या आपल्या बायकांच्या कानांवर ते रोज पडलं असेल. दोनशे वर्षं!

डबा सोडून आम्ही एका कमानीच्या सावलीत बसलो आणि खेळच सुरू झाला. पोर्तुगीजांकडून आपण काय काय घेतलं? मी बटाट्याची भाजी वाढत होते, तोच पहिला शब्द. मग पाव. कोबी, पपई, अननस, काजू. येताना लागलेल्या काजूपाड्यातला काजूसुद्धा ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणलेला. चावी, परात, घमेलं, पिंप, फीत, बिजागरी, लिलाव, तुरुंग. बिजागरीला तर स्पेनमध्ये अजून ‘बिसाग्रा’ म्हणतात. शेवटी हे म्हणाले, “पगार!” हा शब्द त्यांनाच आठवणार. गुरुबाई टाळी वाजवून म्हणाल्या, “पागार म्हणजे पैसे देणे. ते क्रियापद आहे!”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण घेतले ते बहुतेक सगळे जिन्नस. वस्तूंची नावं. पागारसारखं एखादं क्रियापद आलं तरी आपण त्याचं नाम करून पहिल्या तारखेला बांधून टाकलं. ‘वामुश’ मात्र आपल्याकडे राहिलं नाही. पाहुण्याने आणलेल्या वस्तू आपण घरात ठेवून घेतो, पण घरातलं वागणं, उठणं-बसणं आपलंच राहतं, तसं हे आहे. जाणं-येणं कसं बोलायचं ते आपण आपल्या आईकडूनच घेतलं.

याला एक जवळचा आणि निराळा नमुना आहे. रायगड जिल्ह्यात चौलजवळ कोर्लई नावाचं गाव आहे. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली आजही घरात बोलतात. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ साली तिच्यावर पुस्तक लिहिलं. तिथे शब्द पोर्तुगीज, पण शतकानुशतकं मराठीच्या शेजारात राहून वाक्याची ठेवण आपल्यासारखी झाली, क्रियापद शेवटी जाऊन बसलं. पोर्तुगीजमध्ये ते मधे असतं. कुठलीही मोठी पोथी न लिहिता, एकमेकींच्या अंगणात उठबस करून हे झालं असणार.

उलट बाजूनेही कोणीतरी धडपडलंच होतं. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले, इथल्या भाषा शिकले, आणि १६१६ साली त्यांचं मराठी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून निघालं. कोंकणीचं व्याकरणही त्यांनी लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली प्रसिद्ध झालं. त्या माणसाने ‘जाणे’चं ‘गेलो’ कसं पाठ केलं असेल? त्यालाही कोणीतरी हसलंच असेल. मला माझ्या ‘ईओ’ची लाज थोडी कमी झाली.

दुपारी दीड वाजता, म्हणजे माद्रिदच्या सकाळी नऊला, मी किल्ल्यावरूनच बहिणीला फोन लावला. तोवर माझी बरीच तयारी झालेली होती. नुसतं ‘बोय’ म्हटलं तर कुठेतरी जाते. निघताना म्हणायचं ‘मे बोय’, म्हणजे मी इथून निघते. पुढचं काही करणार असेन तर ‘बोय’ला जोडून सांगायचं, ‘बोय आ कोमेर’, जेवायला जाते, म्हणजेच जेवणार आहे. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे, आतून कोणी हाक मारली की आपण म्हणतो “आले, आले!” अजून ओट्यापाशीच असतो, हात कणकेचे असतात, पण म्हणतो भूतकाळात, आले! तिकडची बाई अशा वेळी म्हणते ‘या बोय’, म्हणजे ही जाते. येताना ती जाते म्हणते, आणि जाताना आपण येते म्हणतो. एवढं सगळं असताना पाच वर्षांच्या पोरीचा गोंधळ नाही होणार तर काय?

भाचीला मी भिंती दाखवल्या, खाडी दाखवली. ‘मावशी किल्ल्यावर गेली’ हे ‘फुए’ लावून सांगितलं. ती माझ्या उच्चारांना खुदखुदून हसली. एक चूक दुरुस्तही केली. बोलणं आटोपत आलं, तसं मी ठरवलेलं वाक्य अगदी सावकाश, चिठ्ठीकडे न बघता म्हटलं, “मे बोय. मी आता जाते. शनिवारी पुन्हा बोलू.”

तिचं हसू थांबलं. “ते बास?” तिने विचारलं. जातेस?

“सी, मे बोय.” हो, जाते.

ती गप्प. मग खालचा ओठ पुढे काढून म्हणाली, “नो. येते म्हण.”

मी बहिणीकडे बघितलं. बहीण पडद्याच्या कडेला उभी होती. म्हणाली, “मी सांगितलंय तिला. आपल्याकडे येते का म्हणतात ते.”

“काय सांगितलंस?”

“आई सांगायची तेच.”

आई काय सांगायची ते आम्हां दोघींनाही पाठ आहे. दूध उतू जातं, काचेला तडा जातो, वीज जाते, आणि माणूसही जातं. म्हणून निघताना जाते म्हणू नये. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत, वाढवलं म्हणतात. तसंच हे. आपण परत येणार असा शब्द देत नसतो, यायची इच्छा उंबऱ्यावर ठेवून निघत असतो. माझ्या मनात इतके दिवस एक खडा होता, की बहिणीचं आईला म्हटलेलं ‘येते’ खोटं ठरलं. त्या दिवशी कमानीखाली बसून वाटलं, आईने ते तसं ऐकलंच नसेल. तिनेच तर ते शिकवलं होतं. बहिणीच्या चेहऱ्यावरून वाटलं, लेकीला समजावताना तिचं तिलाही ते उमगलं असावं.

“येते हं, बाळा,” मी म्हटलं.

“ये,” भाची म्हणाली आणि फोन बंद केला. तिने बंद केला, मी नाही.

मैत्रिणींनो, तुम्ही ठाण्याच्या बाजूला आलात तर हा किल्ला बघा. ठाण्याहून बोरिवलीकडे किंवा भाईंदरकडे जाणाऱ्या बसने घोडबंदर गावाजवळ उतरता येतं. पावसाळा संपल्यावर, शक्यतो सुट्टीच्या दिवशी आणि सकाळी आठच्या आत निघा, नाहीतर गायमुखाच्या चढावर ट्रकच्या मागे बसून तुम्हालाही एखादं क्रियापद पाठ होईल. पाणी आणि डबा बरोबर घ्या, पायांत साध्या चपला घालू नका, आणि डब्याचे कागद परत आणा. कोणाची मुलं-नातवंडं परदेशी असतील तर त्यांच्या भाषेतली रोजची चार क्रियापदं शिकून घ्या: जाणे, येणे, असणे, करणे. वहीवर पाठ करण्यापेक्षा चिठ्ठी ओट्यासमोर चिकटवा आणि हाताने जे करत असाल ते तोंडाने म्हणा. मीठ आणायला फडताळाकडे जाताना ‘बोय’, आणून झाल्यावर ‘फुई’. घरचे हसतील. हसू द्या. आणि आपली ‘येते’सारखी चार वाक्यं त्या मुलांनाही शिकवा, अर्थासकट.

परतताना रस्ता अर्थातच तुंबला होता. पाऊण तास आम्ही एका कंटेनरच्या मागे होतो. मी ह्यांना सहज म्हटलं, “माझा पासपोर्ट नाही. अर्ज तरी करून ठेवावा का? जायचं कधी जमेल ते देव जाणे.”

समोरच्या कंटेनरकडे बघत हे म्हणाले, “कर की. अर्ज करायला आपलं काय जातं?”